हळदीकुंकवातलं मशीन

मशीन आलं ते संक्रांतीनंतरच्या एका दुपारी, आणि मी ते तिसऱ्या मजल्यावरून पाहिलं. केवढंसं होतं! मला वाटलेलं, हाडं तपासायचं मशीन म्हणजे एक्स-रेसारखं धूड असणार, टेम्पोतून उतरवायला चार माणसं लागणार. तर एका मुलीनं ते मिक्सरचं खोकं आणावं तसं काखेत धरून आणलं आणि सोसायटीच्या मांडवातल्या टेबलावर ठेवलं. शेजारच्या टेबलावर वाणाचे स्टीलचे डबे रचलेले, तिळगुळाची ताटं, हळदीकुंकवाचे करंडे. महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई माइकवरून सांगत होत्या, "हळदीकुंकू आणि हाडांची मोफत तपासणी! सर्व भगिनींनी लाभ घ्यावा!"

आमची इमारत कोपरखैरण्यातली, जुनी, बिनलिफ्टची. माझे मालक वाशीच्या मार्केटात माथाडी होते. कांद्या-बटाट्याच्या गोण्या पाठीवर वाहण्यात त्यांचा जन्म गेला. साताऱ्याकडून आलो ते आलोच, इथलेच झालो. मालकांना जाऊन बरीच वर्षं झाली. आता मुलगा त्याच मार्केटात, त्याच कामावर.

तर सूनबाई काठापदराची साडी नेसून तयार झाली आणि मला म्हणाली, "आई, तुम्ही पण चला की. टाच तर दाखवायचीय मशीनला."

"येडी का काय तू? हळदीकुंकू आहे ते."

"आता कोण मानतं असलं?"

"तू मानत नाहीस. खालच्यांचं काय?"

समोरच्या दारातून आक्का ऐकत होती. आक्का म्हणजे माझी समोरची शेजारीण, इथल्याच खाडीकाठच्या गावातली, माझ्याहून चार पावसाळे जास्त पाहिलेली आणि माझ्यासारखीच कुंकू गेलेली. ती म्हणाली, "जा गो पोरी, तू जा. आमी इथूनच बगताव."

आणि आम्ही इथूनच बघितलं.

हे कसं असतं ते सांगते. विधवेला कोणी 'येऊ नको' म्हणत नाही. तसं म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. पण करंडा घेऊन फिरणारी बाई तुमच्यापाशी आली की तिचा हात हवेत अडखळतो, ती कसनुसं हसते. त्या हसण्याला आपण कारण व्हायला नको म्हणून आमच्यासारख्या आपणहून वर बसतात. मला त्यात रडण्यासारखं काही वाटायचं नाही. डबे घरात ढीगभर आहेत. पण त्या दिवशी खाली डब्यांसोबत मशीन होतं, आणि मशीन म्हणजे वाण नव्हे, हे ना मांडवातल्यांच्या ध्यानात आलं ना गॅलरीतल्यांच्या.

सूनबाई तासाभरानं डबा आणि एक चिठ्ठी घेऊन वर आली. "माझी हाडं एकदम फर्स्ट क्लास, आई! सगळ्यांचीच चांगली निघाली."

निघतील नाही तर काय? सगळ्या तिशी-पस्तिशीतल्या. ज्यांच्या हाडांची विचारपूस व्हायला हवी होती, त्या आम्ही दोघी कठड्याला रेलून तिळगूळ चघळत खालची गंमत बघत होतो. आणि आम्ही दोघीच नव्हे. समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्यांतही पांढऱ्या केसांची डोकी दिसत होती. सगळ्यांनाच ती गंमत वाटत होती.

त्या उन्हाळ्यात मी पडले. घसरले नाही, चक्कर आली नाही. ओट्याशी उभी होते, फोन वाजला म्हणून वळले आणि गोणपाटाच्या पायपुसण्यात बोट अडकलं. बसल्यासारखीच पडले. एवढ्याशा पडण्यानं लहान पोराला खरचटतही नाही. पण आतून काहीतरी काटकी मोडावी तसं वाजलं, आणि पाय माझा असून माझं ऐकेना. सूनबाई तेव्हा कामावर. मी फरशीवर पडून 'आक्का, आक्का' करत राहिले. ती बिचारी दाराबाहेरून 'कडी काड गो बाय' म्हणत राहिली. कडी काढता आली असती तर आणखी काय हवं होतं? शेवटी दार तोडून मला बाहेर काढलं.

खुबा मोडला होता. महापालिकेच्या हॉस्पिटलात खुब्यात बॉल बसवला. ऑपरेशन सरकारी योजनेत बसलं, खोटं कशाला बोलू, कोणी पैसा मागितला नाही. डॉक्टर पोरगेलासाच होता, पण नीट बसून बोलायचा. त्यानं विचारलं, "आजी, याआधी कधी हाड मोडलं होतं?"

"मनगट. बसमधून उतरताना हात टेकला तेव्हा."

"मग हाडं तपासली होती का तेव्हा?"

"प्लास्टर घातलं, काढलं. म्हातारपण आहे म्हणाले."

त्यानं फाइलीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाला, "तेव्हाच तपासलं असतं तर औषध सुरू झालं असतं. कदाचित हा खुबा वाचला असता. कदाचित म्हणतोय हां, खात्री नाही देत."

फाइलीवर आजाराचं नाव होतं, ऑस्टिओपोरोसिस. मी वाचायला शिकले ती मालक घरी आणायचे त्या रिकाम्या गोण्यांवरची अक्षरं लावत, त्यामुळे छापलेलं काही दिसलं की सोडत नाही. हे नाव मात्र जिभेवर धड बसेना. आम्ही त्याला हाडं झिजणं म्हणतो. आणि झिजणं म्हटलं की विषय मिटतो. माणूस म्हटल्यावर झिजायचंच की! मालकांची पाठ झिजली, मार्केटचे दगड झिजले, मग माझी हाडं कोण लागून गेली? पण डॉक्टर म्हणाला, हे नुसतं झिजणं नव्हे. हाड आतून विरळ होतं, वाळवी लागलेल्या चौकटीसारखं. वरून रंग चांगलाच दिसतो. आणि चौकट पडण्याआधी कळलं तर तिला सांभाळता येतं.

वॉर्डात पलीकडच्या खाटेवर दिघ्याची एक बाई होती. तिचाही खुबा. तिच्या पलीकडची, तिचाही. आम्ही तिघी छताकडे बघत पडायचो आणि एकमेकींना आपापलं पडणं सांगायचो. एक देवाचा दिवा लावताना पडली, एक पलंगावरून उतरताना. झाडावरून, जिन्यावरून अशी कोणीच पडली नव्हती. दिघ्याची म्हणायची, "पडायचंच होतं तर जरा सांगण्यासारखं तरी पडायचं!" मला हसू यायचं आणि हसलं की टाके ओढायचे.

पडल्या पडल्या मी विचार करायचे. ॲम्ब्युलन्स आली, रक्ताच्या पिशव्या आल्या, भूल देणारा, कापणारा, पुसणारा, रात्रपाळीच्या नर्सा. आम्ही अडवलेल्या खाटा दुसऱ्या कोणाच्या तरी कामी आल्या असत्या. सरकारनं सगळं केलं, पण मोडल्यावर केलं. आणि मोडायच्या आधीचं मशीन? ते आलं होतं की! आमच्या दाराखाली आलं होतं, आणि धडधाकट पोरींच्या टाचा मोजून निघून गेलं. मशीन आणणाऱ्यांचा हिशेब बरोबर असेल, इतक्या बायका तपासल्या म्हणून कागदावर लिहिलंही असेल. पण कोणाचं काय वाचलं, हे कोणी लिहिलं का? मी काही डॉक्टर नाही, मला वाटतं ते सांगते.

घरी आणलं तेव्हा मुलगा आणि त्याच्या जोडीच्या गड्यांनी मला खुर्चीत बसवून वर चढवलं. दार लागलं. ते जे लागलं ते लागलंच.

वॉकर घेऊन मी घरात चार पावलं टाकते. पण आमचा जिना अरुंद, वळणावर वॉकर मावत नाही आणि कठडा एकाच बाजूला. सोसायटीत रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा होतात, बिल्डरचे बॅनर लागतात, नवीन टॉवरमध्ये दोन-दोन लिफ्ट म्हणे. लागोत बापडे. तोवर माझं जग म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी आणि गॅलरी. कोणाची रिक्षा, कोणाचा सिलेंडर, कोणाच्या पोरीला बघायला आले, सगळं मला आवाजावरून कळतं. आधी गंमत वाटली. मग एक दिवस भाजीवाल्याला वरून दोरीला पिशवी सोडताना वाटलं, विहिरीत पडलेल्या माणसाला असंच वाटत असेल, फक्त माझी विहीर उलटी.

पण माझ्यापेक्षा अडकली ती सूनबाई. महाप्याच्या एका कंपनीत ती औषधांच्या पॅकिंगला होती. त्या दिवाळीला लाइनीवर सुपरवायझर व्हायची होती, तिथल्या मोठ्या बाईंनी तसं सांगितलं होतं. माझ्या पायी तिनं नोकरी सोडली. मोडलं माझं हाड आणि पाय बांधला गेला तिचा. खाली कोथिंबीर आणायला गेली तरी धावत वर यायची. मी एकदा म्हटलं, "जा की गं माहेरी चार दिवस."

"आणि तुम्हाला बाथरूमला कोण नेणार? मुख्यमंत्री?"

ती हसत म्हणाली, पण नंतर भांडी जरा जास्तच जोरात घासली. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एका खोलीत दोघींनी दिवस काढायचे म्हटल्यावर काही गोष्टी ऐकू येऊन चालत नाही.

पावसाळा सरता सरता आक्कानं पाण्याची बादली उचलली आणि तिच्या पाठीत कळ आली. "उसन भरली," म्हणाली. तेल-हळद चोळली, शेक घेतला. दसरा गेला, दिवाळी गेली, उसण काही जाईना. आणि एक दिवस गॅलरीत कपडे वाळत घालताना तिचा हात दोरीला पुरेना. ही दोरी तिनंच बांधलेली.

"बाय, दोरी वर गेली का गो?"

"दोरी नाही वर गेली आक्का, तू खाली आलीस."

ती खदखदून हसली. मीही हसले. मग तिची पाठ मला बाजूनं दिसली. पोक एवढं कधी आलं? रोज बघणाऱ्याला दिसत नाही तेच खरं. डॉक्टर म्हणाला होता, मणके आतल्या आत दबतात, माणूस बुटकं होतं, आणि लोक त्याला वय म्हणतात.

आक्काला सून नाही. मुलगा उरणला कंटेनर यार्डात, पाळीप्रमाणे येतो-जातो. ती पडली तर तिच्या दाराबाहेर 'कडी काढ' म्हणायला मी आहे, तीही वॉकर घेऊन. पुढचं मला सगळं पाठ होतं. तीच खाट, तेच छत, तीच बंद दारं. तिच्यासाठी नोकरी सोडायलाही कोणी नव्हतं.

मी म्हटलं, "आक्का, डॉक्टरकडं जा."

"मना काय झालाय? मिठागरान डोक्यावर पाट्या वाहिल्यान मी. माजी हाडा लोखंडाची हायत."

"लोखंड पण गंजतं."

"गंजू दे. म्हातारपन हाय, त्याला काय मशीन लावनार?"

पौष लागला आणि सूनबाईनं मोबाइलवरचा मेसेज वाचून दाखवला. यंदाही हळदीकुंकू, यंदाही हाडांची तपासणी. मी तिथल्या तिथं अध्यक्षीणबाईंना फोन लावायला सांगितला.

"बोला काकू, कशा आहात?"

"वर आहे. ते मशीन येणार आहे ना, ते जरा सकाळी आण. हळदीकुंकू संध्याकाळी कर. म्हणजे आमच्यासारख्यांना खाली येता येईल."

"अहो पण तुम्हाला अडवलंय कोणी? मी तर माइकवरून सर्व भगिनी म्हणते!"

"अडवत कोणी नाही गं. पण येतं का कोणी? सांग बरं, मागच्या वर्षी साठीच्या पुढची एक तरी बसली का त्या खुर्चीत?"

ती म्हणाली, "खरं सांगू काकू? त्याच्या आदल्या वर्षी नुसतंच शिबिर ठेवलं होतं. कुत्रं फिरकलं नाही. हळदीकुंकू ठेवलं तर गर्दी होते. गर्दी दिसली तर मशीनवाले परत येतात. आणि मशीन आपल्याला दुपारनंतरच मिळतं, सकाळी ते दुसऱ्या सेक्टरला असतं. मी तरी काय करू?"

तिचंही खोटं नव्हतं. चांगली बाई आहे, धावपळ करते. तीही तिच्या जागी अडकलेलीच.

फोन ठेवला आणि मी सूनबाईला म्हटलं, "त्या दिवशी मला खाली न्यायचं."

"तुम्हाला? अहो, तुमचं तर निदान झालंय, गोळ्या चालू आहेत!"

"माझ्यासाठी नाही."

तिनं समोरच्या दाराकडे बघितलं आणि मुलाला फोन लावला.

मुलगा मार्केटातून दोन गडी घेऊन आला. प्लॅस्टिकची खुर्ची, पाठीमागून दोघं, पुढून एक, आणि वॉकर उचलून सूनबाई. एक जण म्हणाला, "मावशी, कांद्याच्या गोणीपेक्षा हलक्या आहात." दुसरा म्हणाला, "गोणी बोलत नाही, एवढाच फरक." खुर्ची वळणावर आली तशी मी मुद्दाम मोठ्यानं हाक मारली, "आक्का! मी चालले गं हळदीकुंकवाला!"

तिचं दार उघडलं. "बाय! येर लागलाय का तुला? लोका काय बोलतील?"

"बोलू दे. लोखंडाची हाडं तुझी, आणि खाली जाते मोडकी मी. तू बस वर."

मग तिच्या चपला वाजल्या. कठड्याला धरून, एकेक पायरी, कण्हत, मला शिव्या घालत ती आमच्या मागं उतरू लागली. मी मागं वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर परत गेली असती.

मांडवात आम्ही शिरलो तसा गलका जरा उतरला. कित्येक महिन्यांनी माझ्या पायाखाली जमीन होती, आणि मला ती बघायलाही सुचलं नाही. आम्ही सरळ मशीनच्या टेबलापाशी गेलो. तिथली मुलगी माझा वॉकर बघून म्हणाली, "आजी, तुमचं तर..."

"माझं नाही. हिचं."

आक्कानं पाय पदराखाली ओढून घेतला. "टाचा भेगाललेल्या हायत गो माज्या. सगल्या बायका बगतान."

मुलगी म्हणाली, "आजी, मशीनला भेगा दिसत नाहीत. त्याला आतलं दिसतं." तिनं टाचेला काहीतरी गार चोपडलं, आक्का 'अग्गो' म्हणून दचकली, आणि पाय एकदाचा मशीनमध्ये गेला.

तेवढ्यात करंडा घेऊन फिरणारी बाई आमच्यापाशी आली. हात अडखळला. तेच कसनुसं हसू. मग ती पुढच्या खुर्चीकडे गेली. मला काही वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण मी कुंकवासाठी उतरले नव्हते. माझं लक्ष त्या मशीनच्या पडद्याकडे होतं. पडद्यावरचा काटा लाल भागात जाऊन थांबला. मुलीनं आवाज खाली आणून सांगितलं, हे फक्त सूचना देतं, पक्कं सांगायला मोठं मशीन लागतं, पण थांबू नका, उद्याच डॉक्टरांना दाखवा.

आक्का म्हणाली, "चुकला असल. परत बग."

मुलीनं परत बघितलं. चुकला नव्हता.

आम्ही निघताना दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एका म्हातारीनं सुनेला ओरडून विचारलं, "मशीन अजून आहे का गं?" अध्यक्षीणबाईंनी ते ऐकलं, मुलीच्या खांद्यावर हात ठेवून तिला आणखी थोडं थांबायला सांगितलं. म्हातारी आली की नाही मला ठाऊक नाही. तोवर मला परत वर चढवत होते. उतरताना गडी थट्टा करत होते, चढताना कोणी बोललं नाही. दार लागलं आणि मांडवातली गाणी पुन्हा खिडकीतून यायला लागली, नेहमीसारखी.

आक्काच्या पाठीचा फोटो काढला तेव्हा कळलं, तिची उसण म्हणजे मणका दबला होता. ती बादली उचलली तेव्हाच. पण खुबा शाबूत होता. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, जड उचलायचं नाही म्हणून सांगितलं, घरातली पायपुसणी काढायला लावली. ती पुढं पडणारच नाही असं कोण सांगणार? पण आता निदान बिनऔषधाची, बेसावध पडणार नाही.

आमची दोघींची हाडांची गोळी आठवड्यातून एकदा असते. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर, आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही, चहासुद्धा नाही. तर सोमवारी सकाळी ती तिच्या दारात खुर्ची टाकून बसते आणि मी माझ्या दारात. दोन्ही दारं उघडी. मध्ये जिना.

"झाला का गो अर्धा तास?"

"आत्ता तर बसलीस."

"चायविना जीव जाल माजा, हाडा ऱ्हातील."

सूनबाई आत चहा उकळत ठेवते आणि घड्याळ बघते. कंपनीत तिच्या जागी दुसरी लागली. ती आता घरी बसून पाकिटं चिकटवायचं काम बघते आहे.

चहा झाला की आक्का पिशवी घेते आणि उतरते. कठड्याला धरून, एकेक पायरी. मी दारात बसून तिच्या चपला ऐकते, वळणावर जरा थांबतात, मग पुन्हा सुरू होतात. त्या फाटकापर्यंत पोचल्या की मी वॉकर घेऊन खिडकीशी जाते. ती खालून मान वर करते, जेवढी होते तेवढी, आणि ओरडते, "कोनती भाजी आनू गो?"

"मेथी आण! एकच जुडी. पिशवी जड करू नकोस!"